मॉडेल कारवरून काढलेली क्रोमपट्टी रंगानंतर पुन्हा का उमटते? 'डीलक्स' बीटलची 'स्टँडर्ड' करताना येणारी अडचण

डीलक्स गाडीच्या किटपासून, म्हणजे जोडायच्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचापासून, त्याच गाडीची साधी, कमी सजावटीची आवृत्ती करायला घेणाऱ्या बहुतेकांची तक्रार शेवटी एकाच जागी येऊन थांबते. बॉडीवरची उठावातली क्रोमपट्टी तासून काढलेली असते, तिथे पुट्टी भरून घासलेली असते, बोट फिरवले तर काही जाणवत नाही, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, एकसारखा बसतो आणि वरचा चकचकीत रंगही पहिल्या दिवशी निर्दोष दिसतो. मग दोन-तीन आठवड्यांनी, मॉडेल कपाटात गेल्यावर, पट्टी होती नेमक्या त्याच जागी एक पुसट रेघ दिसू लागते. रंग घासून पुन्हा दिला तरी काही दिवसांनी ती परत येते. या रेघेला मी पुढे 'सावली' म्हणणार आहे. ती का पडते, कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखायचे आणि ती मुळातच पडू नये म्हणून काय करायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून टामियाचे १/२४ प्रमाणातले 'फोक्सवॅगन १३०० बीटल, १९६६' हे किट घेतो, कारण या एकाच गाडीवर मी तीन बॉड्या केल्या आणि पहिल्या दोन बिघडल्या. बीटलच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर २,४०० मिमी, म्हणजे १/२४ मध्ये बरोबर १०० मिमी. त्यामुळे मोजमापे पडताळायलाही ही गाडी सोयीची आहे.

मूळ गाडीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सावलीचे अर्धे कारण मूळ गाडी नीट न पाहण्यात दडलेले आहे. फोक्सवॅगनने जुलै १९४९ मध्ये बीटलची 'एक्सपोर्ट' आवृत्ती आणली आणि तेव्हापासून एकाच आकाराच्या गाडीचे दोन दर्जे शेजारी शेजारी विकले जाऊ लागले. एक्सपोर्टला, म्हणजे ज्याला पुढे डीलक्स म्हटले गेले त्या गाडीला, क्रोमचे बंपर, क्रोमच्या हबकॅप (चाकाच्या मधली झाकणे) आणि बॉडीवर चकाकत्या पट्ट्या होत्या. स्टँडर्डचे बंपर आणि हबकॅप नुसते रंगवलेले असत आणि बॉडीवर पट्टी नसे. फरक दिसण्यापुरता नव्हता. एक्सपोर्टला १९५० मध्ये हायड्रॉलिक ब्रेक मिळाले, तर स्टँडर्ड १९६२ पर्यंत केबलच्या ब्रेकवर चालत होती. किटमधली १९६६ ची गाडी १,२८५ सीसी इंजिनाची आहे आणि मूळ गाडीच्या मागच्या झाकणावर तसा '१३००' हा आकडाही असे; साध्या १२०० गाडीचे इंजिन १,१९२ सीसीचे होते. म्हणून तो आकडा किटमध्ये उठावात असो वा डेकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रात, साधी आवृत्ती करताना तो जायलाच हवा.

आता मुख्य मुद्दा. बीटलच्या बाजूला खिडक्यांच्या खालून पुढून मागे जाणारी जी पट्टी दिसते, ती सपाट पत्र्यावर चिकटवलेली नसते. तिच्या खाली पत्र्यातच दाबून काढलेला एक गोलसर कंगोरा असतो आणि पट्टी त्या कंगोऱ्याच्या माथ्यावर बसवलेली असते. बॉनेटच्या मधोमध असलेल्या पट्टीचेही तसेच आहे. स्टँडर्ड गाडीवर पट्टी नसली तरी कंगोरा असतोच, आणि जुन्या स्टँडर्ड गाड्यांच्या छायाचित्रांत तिरप्या उन्हात तो स्पष्ट दिसतो. आपण मात्र किटवर काम करताना पट्टी आणि कंगोरा यांना एकच समजतो, दोन्ही तासून टाकतो, तासताना ब्लेड खोल गेल्यामुळे पडलेला खड्डा पुट्टीने भरतो आणि सगळे सपाट करतो. म्हणजे जे ठेवायला हवे होते ते काढतो, आणि जिथे काहीच भरायची गरज नव्हती तिथे परके द्रव्य भरून ठेवतो. माझ्या अनुभवात दहापैकी आठ सावल्या या अनावश्यक पुट्टीच्या असतात. त्यामुळे या समस्येचे माझे उत्तर कोणती पुट्टी चांगली, हे नाही. पट्टी अशा रीतीने काढावी की पुट्टी लागणारच नाही, हे आहे.

सावली कोणत्या प्रकारची आहे?

आधीच रंगलेल्या मॉडेलवर सावली पडली असेल तर हातात पॉलिश पेपर घेण्याआधी ती उंच आहे, खोल आहे की दोन्ही नाही, हे ठरवावे. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर दोष वाढतो.

डोळ्यांवर विसंबू नये. चकचकीत पृष्ठभागावर ०.०२ मिमीचा फरकही दिसतो, पण तो वर आहे की खाली हे डोळा खात्रीने सांगू शकत नाही. हा ०.०२ मिमीचा फरक खऱ्या गाडीच्या मापात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा पोचा होतो, आणि काळ्या गाडीवर एवढा पोचा कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. म्हणून गॅरेजमधले रंगारी करतात ती परीक्षा करावी. सावलीवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर, रंगापेक्षा वेगळ्या छटेचा अगदी पातळ थर उडवावा. पांढऱ्यावर करडा, काळ्यावर फिका करडा. तो पूर्ण वाळल्यावर एका कडक पट्टीला, म्हणजे आइस्क्रीमच्या काडीला किंवा प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या तुकड्याला, १५०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून पाणी लावत हलक्या हाताने घासावे. सावलीच्या जागी वरचा थर सर्वांत आधी निघाला तर तिथे उंचवटा आहे. आजूबाजूचा निघाला आणि सावलीच्या जागी शेवटपर्यंत टिकला तर तिथे खोलगट आहे. सगळीकडे एकाच वेळी निघाला आणि तरीही ओल्या पृष्ठभागावर रेघ दिसत असेल, तर उंचीत फरक नाही. तिथल्या प्लॅस्टिकने रंगातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा आणि वाळताना उडून जाणारा द्रव, वेगळ्या प्रमाणात शोषला आहे. इथे बोटाच्या टोकाने घासण्याचा मोह टाळावा, कारण मऊ बोट उंचसखल भागावर तसेच फिरते आणि परीक्षा फसते.

माझ्या पहिल्या बॉडीवर खोलगट सावली होती. ती गाडी मी फोक्सवॅगनच्या एल४१ या काळ्या रंगात केली होती, आणि गडद चकचकीत काळ्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. पट्टी कापताना ब्लेड खोल गेले होते, मी ट्यूबमधली लॅकर पुट्टी भरली, दुसऱ्या दिवशी ती कडक लागली म्हणून घासली आणि त्याच आठवड्यात रंग दिला. ही पुट्टी सॉल्व्हंट उडून जाऊन घट्ट होते, आणि जेवढा सॉल्व्हंट उडतो तेवढे तिचे आकारमान घटते. वरचा पापुद्रा काही तासांत कडक होतो. आतला सॉल्व्हंट मात्र दिवसेंदिवस, जाड थर असेल तर आठवडेच्या आठवडे, हळूहळू बाहेर पडत राहतो आणि पृष्ठभाग खाली ओढत राहतो. आपण दुसऱ्या दिवशी जे सपाट केले ते त्या दिवसापुरते सपाट होते. त्यातच आणखी एक गोष्ट घडते जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: तोच सॉल्व्हंट खालच्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकलाही, मऊ करून फुगवतो. आपण फुगलेले प्लॅस्टिक घासून बाजूच्या पातळीला आणतो, आणि सॉल्व्हंट निघून गेल्यावर ते आपल्या मूळ आकारमानावर परत येते, म्हणजे तिथे खळगा पडतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, जिला काही जुने रंगारी अजून 'लांबी' म्हणतात, तीही याच जातीची आहे. किटच्या फ्रेमचे तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या पातळ द्रवात, विरघळवून केलेला घोळही याच जातीचा आहे, हे मात्र अनेकांना पटत नाही. 'तेच प्लॅस्टिक आहे, मग सावली कशी पडेल?' असा त्यांचा प्रश्न असतो. प्लॅस्टिक तेच असले तरी घोळाचा मोठा भाग सॉल्व्हंटचा असतो, आणि तो उडाल्यावर घोळ आकसतोच. पूर्ण वाळल्यावर तो मूळ प्लॅस्टिकशी एकजीव होतो, हे खरे. पण त्यासाठी त्याला दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात.

दुसऱ्या बॉडीवर मी पुट्टी टाळून सुपरग्लू वापरला. तो आकसत नाही म्हणून निर्धास्त राहिलो, रविवारी भरला आणि पुढच्या रविवारी घासायला बसलो. यावेळी सावली उंच निघाली. सुपरग्लू पहिल्या तासाभरात साधारण प्लॅस्टिकइतकाच घासला जातो, पण एक-दोन दिवसांत तो पॉलिस्टायरीनपेक्षा बराच कडक होतो. मग पॉलिश पेपर बाजूचे मऊ प्लॅस्टिक आधी खातो आणि मध्ये सुपरग्लूचा कणा उभा राहतो. तो इतका बारीक असतो की करड्या प्रायमरमध्ये दिसत नाही. चकचकीत रंगातच दिसतो. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात ही मुदत आणखी कमी मिळते. त्यावर खाण्याचा सोडा टाकून तो झटक्यात कडक करण्याची युक्ती सांधे जोडायला ठीक आहे. बॉडीच्या दर्शनी भागावर ती अजिबात करू नये, कारण तयार होणारे मिश्रण दगडासारखे कडक असते.

तिसरा प्रकार, शोषणाची सावली, पुट्टी न वापरताही पडते आणि म्हणूनच जास्त गोंधळात टाकते. साच्यातून निघालेल्या भागाचा पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत असतो. आपण पट्टीपुरताच भाग घासतो तेव्हा तिथली ती साय निघून जाते आणि पेपरचे बारीक ओरखडे पडतात. त्यावर लॅकर प्रायमर किंवा लॅकर रंगाचा ओला, जाड थर बसला की सॉल्व्हंट घासलेल्या भागात जास्त मुरतो, ओरखड्यांच्या कडा फुगतात, आणि रंग वाळल्यावर त्या रेघा वर दिसतात. ४०० नंबरच्या पेपरने घासून थेट प्रायमर मारणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो.

सावली पडणारच नाही अशी पट्टी काढण्याची रीत

तिसऱ्या बॉडीसाठी मी मुद्दाम पुन्हा काळाच रंग निवडला. पर्ल व्हाइट, म्हणजे एल८७, घेतला असता तर दोष असूनही लपला असता आणि मला काहीच कळले नसते. ती गाडी एक पूर्ण पावसाळा काढून अजून स्वच्छ आहे, आणि तिच्यासाठी जे केले ते पुढे देत आहे.

बॉडी भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन वाळवावी, म्हणजे साच्याचे तेल निघते. त्यानंतर पट्टीला हात लावण्याआधी दरवाज्यांच्या फटी खोल कराव्यात. पट्टी पुढच्या पॅनलवरून दरवाज्यावर आणि तिथून मागच्या पॅनलवर जाते, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन उभ्या फटी ओलांडते. तासताना निघणारा चुरा त्याच फटींत बसतो आणि फटींच्या कडाही झिजतात. स्क्रायबरने किंवा ब्लेडच्या पाठीने प्रत्येक फट पाच-सहा हलक्या फेऱ्यांत आधीच खोल केलेली असेल, तर नंतर रेषा चुकत नाही. पट्टी काढून झाल्यावर ती पुन्हा कोरायला घेतली की हात घसरतो, आणि घसरलेला ओरखडा भरायला पुन्हा पुट्टी लागते.

मग पट्टीच्या दोन्ही बाजूंना, अगदी तिच्या कडेला टेकवून, मास्किंग टेपचे दोन-दोन थर लावावेत. टेप दुहेरी काम करते: ब्लेड घसरले तर बाजूच्या पॅनलला जपते, आणि किती खाली जायचे याची पातळीही दाखवते. पट्टी कापू नये, खरवडावी. हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. कापणारी धार पॉलिस्टायरीनमध्ये स्वतःची वाट शोधते आणि कधी खोल गेली हे कळायच्या आत खड्डा करते. त्याऐवजी ११ नंबरच्या नव्या ब्लेडची पाठ पृष्ठभागावर जवळजवळ उभी धरून, ओढण्याच्या दिशेने किंचित कलती ठेवून, पट्टीच्या लांबीला समांतर ओढावी. प्रत्येक फेरीत केसासारखी बारीक साल निघाली पाहिजे. जास्त निघत असेल तर दाब जास्त आहे. एका बाजूला मला असे चाळीस-पन्नास ओढे लागले आणि दोन्ही बाजू व बॉनेट मिळून एक अख्खी संध्याकाळ गेली. घाई करण्यासारखी ही जागा नाही.

ब्लेड टेपला स्पर्श करू लागले की थांबावे. टेप काढल्यावर पट्टीची अगदी बारीक पायरी शिल्लक राहते, आणि ती राहायलाच हवी, कारण पुढचे काम पेपरचे आहे. ६०० नंबरचा वॉटर पेपर दुमडून, ओला करून, गाडीच्या लांबीच्याच दिशेने फिरवावा आणि पायरीच्या दोन्ही कडा गोल करत खालच्या कंगोऱ्यात मिसळवाव्यात. आपल्याला सपाटी नको आहे. धारदार दिसणारी पट्टी जाऊन मऊ, गोल माथ्याचा कंगोरा उरायला हवा. मधून मधून बॉडी पाण्यात बुडवून टेबललॅम्पच्या तिरप्या उजेडात धरावी. ओला पृष्ठभाग थोडा वेळ चकचकीत रंगासारखा वागतो, आणि कंगोऱ्यावरून सरकणारी प्रकाशाची रेघ कुठे तुटते किंवा वळते हे त्यात लगेच दिसते. ती रेघ पुढच्या चाकापासून मागच्या खिडकीपर्यंत अखंड धावली की ६०० चे काम झाले.

त्यानंतर १००० नंबरचा पेपर, आणि इथे तो फक्त पट्टीच्या जागी न फिरवता संपूर्ण पॅनलवर, खरे तर संपूर्ण बॉडीवर फिरवावा. शोषणाच्या सावलीवरचा हाच उपाय आहे: सगळ्या पृष्ठभागाची साय सारखीच उतरली की सॉल्व्हंट सगळीकडे सारखाच मुरतो आणि फरक उरत नाही. अनेक जण चांगल्या भागाला कशाला ओरखडे पाडायचे म्हणून तो भाग सोडतात. मला ते चुकीचे वाटते.

प्रायमरचा पहिला थर इतका पातळ असावा की खालचे प्लॅस्टिक अजून दिसत राहावे. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. डब्यातल्या स्प्रेचा एकच ओला थर देऊन काम उरकण्याची सवय असेल तर ती या बॉडीपुरती तरी सोडावी. प्रायमर एक रात्र वाळू दिल्यावर वर सांगितलेली वेगळ्या छटेची परीक्षा इथेच एकदा करावी, कारण प्रायमरमध्ये सापडलेला दोष दहा मिनिटांत सुधारतो आणि रंगानंतर सापडलेला दोष पूर्ण बॉडी मागे नेतो. पावसाळ्यात लॅकर उडवताना सॉल्व्हंट वेगाने उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो. तो वेगळा दोष आहे, सावली नव्हे. त्यासाठी पाऊस थांबलेली कोरडी दुपार निवडावी किंवा रिटार्डर घातलेला सावकाश उडणारा थिनर वापरावा.

तरीही खड्डा पडलाच तर

हात घसरतोच, आणि तेव्हा भरण्याशिवाय इलाज नसतो. अशा वेळी मी सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर मिसळून वापरतो. साधारण समान भाग घेऊन टूथपिकने काचेवर कालवावे, खड्ड्यात थोडे उंच भरावे आणि घट्ट झाल्याबरोबर, एका तासाच्या आत, कडक पट्टीवर लावलेल्या पेपरने समतल करावे. पावडरीमुळे मिश्रण मऊ राहते आणि प्लॅस्टिकच्या बरोबरीने घासले जाते. अर्धे आज, अर्धे उद्या असे हे काम होत नाही, म्हणून हातात तासभर मोकळा असेल तेव्हाच भरावे.

गाडीच्या डेंटिंगसाठी मिळणारी, हार्डनर मिसळायची पॉलिएस्टर पुट्टीही चांगली आहे. ती सॉल्व्हंट उडून नव्हे तर रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे फारच कमी आकसते, आणि तिची कड पातळ करता येते. हार्डनरचे प्रमाण मात्र पाकिटावर दिले असेल तेच ठेवावे. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर त्याचा रंग वरच्या पांढऱ्या थरातून डाग म्हणून झिरपू शकतो. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी आकसत नाही, पण तिची कड प्लॅस्टिकमध्ये नाहीशी होईल इतकी पातळ घासणे अवघड जाते. ती आतून आधार द्यायला ठेवावी. मिस्टर सरफेसर ५०० सारखे दाट द्रव केवळ ओरखड्यांसाठी आहेत. त्यांनी खड्डा भरायला गेलात तर लॅकर पुट्टीचीच गोष्ट पुन्हा घडते.

लॅकर पुट्टीच हाताशी असेल तर ती एकाच वेळी न भरता कागदाएवढ्या थरांत भरावी, दोन थरांत किमान एक दिवस जाऊ द्यावा, आणि शेवटच्या थरानंतर बॉडी दोन आठवडे बाजूला ठेवावी. ती तयार झाली की नाही हे ठरवायला नाक पुरते: बॉडी रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी डबा उघडावा. पुट्टीचा वास आला तर सॉल्व्हंट अजून बाहेर पडतो आहे. वाळवण्याची घाई म्हणून उष्णता द्यायची असेल तर ४०-४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. बीटलचे छताचे खांब बारीक आहेत आणि ते वाकले तर काचा बसत नाहीत.

सावली रंगानंतर लक्षात आली असेल तर पूर्ण रंग उतरवायची घाई करू नये. खोलगट सावली असेल आणि खाली सॉल्व्हंटवाली पुट्टी असेल, तर आधी महिनाभर थांबावे. ती अजून आकसते आहे तोवर केलेली कोणतीही दुरुस्ती पुन्हा खचणार. महिन्यानंतर फक्त तेवढ्या पॅनलचा रंग प्रायमरपर्यंत घासून, खळगा सुपरग्लू-टाल्कमच्या पातळ थराने भरून, त्याच तासात समतल करावा आणि पॅनलच्या नैसर्गिक कडेपर्यंत, म्हणजे दरवाज्याच्या फटीपासून फटीपर्यंत, पुन्हा रंग द्यावा. उंच सावलीसाठी भरायचे काहीच नसते. कडक पट्टीवरचा नवा कोरा पेपर आणि संयम एवढेच लागते, कारण झिजलेला पेपर कडक सुपरग्लूवरून घसरतो आणि बाजूचेच प्लॅस्टिक खात राहतो. रंग पूर्ण काढायचाच असेल तर ताजा ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून निघतो. लॅकर थिनरने पुसून काढायला जाऊ नये. थिनर रंगाबरोबर बॉडीही विरघळवतो.

बंपर आणि हबकॅपवरही एक सावली पडते

साध्या आवृत्तीसाठी किटमधले क्रोमचे बंपर आणि हबकॅप रंगवायचे असतात, आणि तिथे रंगाची सालपटे निघण्याची तक्रार येते. क्रोमवर थेट रंग धरत नाही. कपड्यांसाठी मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइट ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की धातूचा थर काही मिनिटांपासून काही तासांत निघून जातो. पण त्या थराखाली कारखान्यात दिलेला पारदर्शक लॅकरचा थर असतो आणि ब्लीच त्याला हात लावत नाही. तो कोपऱ्यांत जमून राहतो, बंपरच्या बारीक रेषा बुजवतो, आणि काही ठिकाणी निघून काही ठिकाणी राहिला की रंगाखाली त्याच्या कडा नकाशासारख्या उमटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने तो घासून काढावा, आणि मगच प्रायमर द्यावा. ब्लीचच्या भांड्यात टॉयलेट क्लीनर किंवा कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. काम खिडकीपाशी, हातमोजे घालून करावे.

उलट दिशेने, म्हणजे साध्या किटवरून डीलक्स करायचे असेल, तर सावलीचा प्रश्नच येत नाही. पट्टी रंगाआधी पॉलिस्टायरीनच्या ०.२५ मिमी जाड आणि ०.५ मिमी रुंद पट्ट्यांची लावावी, लिक्विड सिमेंट ब्रशच्या टोकाने अगदी थोडे घ्यावे, आणि रंगानंतर तिच्यावर चिकट धातूचा वर्ख बसवावा. सिमेंट जास्त झाले तर पट्टीच्या बाजूचे प्लॅस्टिक विरघळून तिथे चरा पडतो, एवढेच जपायचे.

शेवटी एक तपासणी, जी मी आता पट्टी काढायला घेण्याआधी करतो. ज्या नेमक्या वर्षाची आणि नेमक्या दर्जाची गाडी करायची आहे तिची बाजूची, पुढची आणि मागची अशी तीन छायाचित्रे समोर ठेवतो आणि किटवरच्या प्रत्येक उठावावर पेन्सिलीने खूण करतो: हे जाणार, हे राहणार. जानेवारी १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या मंदीच्या काळात फोक्सवॅगनने 'श्पारकेफर' नावाने स्वस्त १२०० आणली, ती आणि त्याआधीची स्टँडर्ड यांच्या तपशिलांत फरक आहेत, आणि दोघींची सरमिसळ झाली तर एक पट्टी उगाच तासली जाते. तिसऱ्या बॉडीवर माझ्या खुणांत 'राहणार' असे लिहिलेला सर्वांत लांब उठाव तोच कंगोरा होता, जो मी आधीच्या दोन्ही बॉड्यांवर सपाट करून टाकला होता.